परमुलखातली चूल : बारामती ते इंदापूर

पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही आणि आमच्या सौ. बारामतीहून इंदापूरच्या एस.टी.त बसलो. मांडीवर पिशवी होती आणि खिशात यादी. आमची पुतणी सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकते. तिच्याच गावी शिकायला निघालेला इंदापूरचा एक विद्यार्थी पाच किलोचे सामान न्यायला तयार झाला होता. पुतणीने यादी कळवली : ज्वारीचे पीठ, हुलग्याचे पीठ, जवसाची चटणी, कारळ्याची चटणी, भाजलेले शेंगदाणे, काळा मसाला. खाली एक ओळ होती : "दूध, तूप, खवा, अंडी, मटण काही नको. मी ते सोडले आहे."

या ओळीने आमच्या घरात महिनाभर अबोला होता. आमचे थोरले बंधू, अण्णा, इंदापूरला राहतात. ते फोनवर म्हणाले, "तिकडं जाऊन सोवळं शिकली काय पोरगी?" त्यांची समजूत काढायची कामगिरी आमच्यावर आली होती, आणि खरे सांगायचे तर आमच्याकडे उत्तर नव्हते.

बारामतीच्या मंडईत सकाळी चटण्यांचे सामान घेतले. कऱ्हाकाठचे हे गाव आता मोठे झाले आहे. तालुक्याचा जिरायती भाग पावसाकडे डोळे लावतो, तर नीरा डाव्या कालव्याच्या अंगाला उसाचे हिरवे रान पसरले आहे. गाडी त्याच रानातून जाते. वाटेत दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली एकामागून एक दिसतात. ऊस आणि दूध, या दोहोंवर हा मुलूख उभा आहे.

भवानीनगरला छत्रपती कारखान्यापाशी गाडी थांबली. सौ.ना तहान लागली म्हणून उतरलो, आणि पुढच्या गाडीने जाऊ असे ठरले. रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्या होत्या. बीड जिल्ह्यातून आलेली एक बाई तीन दगडांच्या चुलीवर बाजरीची भाकरी टाकत होती. शेजारी शेंगदाण्याचा ठेचा आणि बांधावरून खुडून आणलेला तांदुळजा. सौ.नी विचारले, "पोरांना दूध मिळतं का, बाई?"

ती हसली. "बैलं हायेत, दुभतं कुठून आणावं? कोराच च्या पितो आम्ही."

आम्ही तेथेच थबकलो. घर सोडून सहा महिने परमुलखात राहणाऱ्या या बाईच्या ताटात दूध, तूप, अंडे काहीच नव्हते. १९४४ साली इंग्लंडमध्ये काही मंडळींनी प्राण्यांपासून मिळणारे सारे अन्न वर्ज्य करून त्या आहाराला 'व्हीगन' असे नाव दिले. या बाईच्या ताटाला कोणी नाव दिले नाही. एकाचा तो विचार आहे, दुसरीची ती लाचारी आहे. दोन्ही ताटे सारखी दिसली तरी एक नाहीत, हे आपण विसरता कामा नये.

सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत तिसऱ्या प्रहरी इंदापूरला पोहोचलो. अण्णांनी उजनीच्या चिलापीचे कालवण करवले होते. आम्ही पोटभर जेवलो. जेवणानंतर अण्णांनी विषय काढला.

"आपल्या आईनं शेळी पाळली तेव्हा गावात आपलं दूध कोण घेत नव्हतं. दुधाला विटाळ होत होता! घरात दूध-मटण यायला दोन पिढ्या गेल्या. आणि आता ही ते टाकून देते?"

अण्णांचे बोलणे खोटे नव्हते. कोणी काय खावे यावरून आपल्या समाजाला किती भोगावे लागले, हे बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात मांडले आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील आपल्या लोकांचे अन्न लिहून ठेवले, तेही याच वेदनेतून. असे असता शाकाहार म्हटले की आपले कान टवकारतात, हे साहजिकच आहे.

तेवढ्यात पुतणीचाच फोन आला. अण्णांनी तो आमच्या हाती दिला. ती म्हणाली, "काका, सहाजणींत एक स्वयंपाकघर आहे. बाहेरचं परवडत नाही म्हणून आजीसारखं रांधायला लागले. पहिल्यांदा पैशासाठी, मग विचारानं. शेजारची मैत्रीण मासे तळते, आम्ही एकाच टेबलावर जेवतो. मी कुणाचं ताट बाटलेलं मानत नाही. बी-१२ झाडपाल्यातून मिळत नाही, म्हणून त्याची गोळी घेते."

आम्ही फोन सर्वांना ऐकू जाईल असा ठेवला होता. अण्णा खाली मान घालून ऐकत होते.

आम्ही म्हणालो, "अण्णा, देवदत्ताने भिक्षूंना मांसाहार बंद करा असा आग्रह धरला, तेव्हा तथागतांनी तो मानला नाही. सक्ती त्यांना नको होती. बाबासाहेबही आपल्या धम्मग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद करतात. पोरीने आपल्या बुद्धीने ठरवले आणि ती कोणाला हीन लेखत नाही. मग सोवळे कुठे आले?"

आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "शेंगोळ्याला दूध लागतंय व्हय? हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, मीठ घालून घट्ट मळायचं. बोटाएवढे वळून फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. वरून दाण्याचा कूट. तिला कळव."

सामान भरताना आणखी एक गोष्ट निघाली. इंग्लंडमध्ये आपल्याकडचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे अण्णांनी मुद्दाम आणलेले पेढे तसेही पिशवीत जाणार नव्हते! ते आम्ही सर्वांनी खाल्ले. बाबासाहेब लंडनमध्ये शिकत असताना एका स्नेह्याने दिलेल्या पापडांवर रात्रीची भूक भागवीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सौ.नी त्या आठवणीने उडदाच्या पापडांचा एक पुडा वर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर अण्णा घरात नव्हते. बारामतीहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची पुडी कट्ट्यावर तशीच होती. थोड्या वेळाने ते डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आले. घरची मालदांडी निवडून त्यांनी गिरणीतून दळून आणली होती.

"ते पीठ कवाचं असंल कुणास ठाऊक," ते आमच्याकडे न पाहता म्हणाले. "शिळ्या पिठाची विरी जाते. पोरीची भाकरी थापताना चिरली असती."

डबा अजून गरम होता. जयभीम.