साधे पडसे

वडील गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आईला पडसे झाले. त्याच आठवड्यात मलाही झाले होते. मी शिंकत-शिंकत कामावर जात असे. गावी आई मात्र अंथरुणातून उठत नव्हती. "साधे पडसे ते!" मी दूरध्वनीवर किंचित वैतागूनच म्हणालो.

पुढे अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास वाचनात आला. निरोगी माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब सोडून त्यांना पाच दिवस हॉटेलात वेगळे ठेवले होते. एकाकी माणसांना सर्दी अधिक प्रमाणात झाली नाही. ज्यांना झाली, त्यांना मात्र तिचा त्रास अधिक जाणवला.

आईच्या वयाचा, अपुऱ्या झोपेचाही वाटा असेलच. मी तिला औषधाविषयी तेवढे विचारले होते. रात्री सोबतीला कोण असते, हे विचारायचे राहून गेले.