सातवा कोपऱ्यात

1994 च्या मे महिन्यात काकांनी साताऱ्याच्या घरी कॉम्प्युटर आणला. कुणीतरी वापरून झालेला, 386, पुढे टर्बोचं बटण. "हिशेबासाठी आहे, खेळायला नाही," हे काकांनी तो खोक्यातून बाहेर काढायच्या आधीच बजावलं. काकूने जुन्या पडद्याचं कव्हर शिवलं, त्याला झालरही लावली. पाय धुऊन, पुसूनच खोलीत यायचं असा नियम झाला. पायाच्या धुळीचा कॉम्प्युटरला नेमका काय त्रास होतो, हे आम्हाला अजूनही कळलेलं नाही.

रात्री दहाला काकांचं लोटस आटोपलं की ती खोली आमची. दादा, ताई, मी आणि सुट्टीला आलेले दोन आतेभाऊ. डॉसबरोबर क्यूबेसिक आलेलं होतं आणि त्याच्यासोबत दोन गेम. एकात दोन गोरिला इमारतींच्या गच्चीवरून एकमेकांना केळी फेकून मारत. कोन आणि वेग आपण टाइप करायचा. केळं सूर्याला लागलं तर सूर्य 'ऑ' करायचा. सुरुवातीला गेम गुरुत्वाकर्षण विचारायचा. तिथे 9.8 च्या जागी 1 टाकलं की केळं चंद्रावर निघाल्यासारखं वर जायचं. दुसरा गेम निबल्स, म्हणजे साप. पण खरी गंमत अशी की दोन्ही गेमचा सगळा कोड निळ्या स्क्रीनवर उघडा पडलेला. कपाटाला कुलूपच नाही म्हटल्यावर आमच्या घरात कोण गप्प बसणार?

ताईने ठरवलं, आपला स्वतःचा गेम करायचा. आंबे पडतात, टोपलीत झेलायचे. बस. आंबा म्हणजे पिवळ्या रंगातला इंग्रजी 'ओ', टोपली म्हणजे दोन तिरप्या रेघा आणि मध्ये तीन आडव्या. पहिल्या रात्री आंबा पडला, पण वरच्या ओळीतला 'ओ' पुसायचा राहिला. त्यामुळे वरपासून खालपर्यंत आंब्यांची माळच लागली. मागून बघणारी आजी म्हणाली, "आंबे नाहीत रे हे, शेवग्याची शेंग आहे." मग जुन्या जागी रिकामी जागा छापायची युक्ती सापडली आणि आंबा सुटा झाला.

बाण असलेल्या बटणांनी टोपली हलेना. दोन दिवस गेले. शेवटी आतेभावाने निबल्सच्या कोडमध्ये डोकावून शोधून काढलं की बाणाचं बटण दाबलं की एक नव्हे, दोन अक्षरं येतात, त्यातलं पहिलं शून्याचं. त्या शोधाच्या आनंदात असतानाच लाइट गेली आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलं. त्यानंतर दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडायचं, "सेव्ह!" जेवतानासुद्धा.

आंबे फार भराभर पडत होते, म्हणून दादाने एक ओळ घातली. एकपासून पाच हजारापर्यंत नुसतं मोजायचं, बाकी काही करायचं नाही. कॉम्प्युटर मोजत बसला की आंबा बिचारा हवेत थांबायचा.

गेम झाला आणि चार दिवसांत आजीचा स्कोअर आम्हा सगळ्यांच्या वर गेला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, स्क्रीनला नाक लावून बसायची. तरी एक आंबा सुटायचा नाही. आम्ही तिच्या मागे उभे राहून ऐकलं, ती पुटपुटत होती: "उजवा. मधला. मधला. डावा, डावा. उजवा. सातवा कोपऱ्यात."

मेंढीकोट खेळताना कुठली दश्शी कुणाच्या हातून गेली हे जिच्या लक्षात राहायचं, तिने आमची चूक पकडली होती. क्यूबेसिकला यादृच्छिक आकडा मागितला की दर वेळी तीच रांग येते. पहिला 0.7055475, आणि सातवा जेमतेम 0.014, म्हणजे पार डावीकडे. घड्याळ बघून रांग बदल, असं सांगणारी एक ओळ वर घालावी लागते. ती आम्हाला माहीतच नव्हती.

दादाने ती कुठूनशी शोधून घातली. दुसऱ्या दिवशी आजीचे पहिले तीन आंबे जमिनीवर पडले. तिने खुर्ची मागे सारली. "मांडलेल्या डावात पानं बदलतात का कुणी?" संध्याकाळपर्यंत ती कुणाशी धड बोलली नाही. शेवटी ताईने त्या ओळीच्या आधी एक अपॉस्ट्रॉफी टाकला आणि ओळ गप्प झाली. नियमाने बघितलं तर ही सरळसरळ चूक होती, पण घरातल्या सगळ्यांनी ती एकमताने पास केली.

पुढे काकांनी पेन्टियम घेतला. फ्लॉपीतून गेम चढवला, चालू केला, आणि गेम संपला. पाच हजार मोजायला त्या मशीनला वेळच लागेना. आजीने चष्मा पुसला. "हे आंबे नाहीत, गारा आहेत." पाच हजाराचे पाच लाख करून बघितले, पण जुनी गती काही हाताला लागली नाही. मग अभ्यास, नोकऱ्या, आजी. फ्लॉपी कुठल्याशा घरबदलीत गेली.

गेल्या दिवाळीत सगळे साताऱ्याला जमलो. ताई डब्लिनहून आली होती. तिने क्यूबी64 वर, जुनं क्यूबेसिक आताच्या लॅपटॉपवर चालवतात त्यात, आंबे आठवणीतून पुन्हा लिहून आणले होते. "घड्याळाची ओळ?" दादाने विचारलं. "घातली नाही," ताई म्हणाली.

लॅपटॉप आतेभावाच्या मांडीवर होता. उजवा, मधला, मधला. मागे आम्ही चौघं, पोरं वेगळीच. डावा, डावा. सहावा त्याने उजवीकडे झेलला आणि टोपली तडक डावीकडे पळत सुटली. ताईचा मुलगा ओरडला, "अरे मामा, तिकडे कुठे? तिकडे काहीच नाहीये!"