पंधरा त्रिक पंचेचाळीस!

पंचेचाळीस सेंट! मी चष्मा पुसून मीटर परत वाचला. ओहायोतल्या आमच्या एकरभर अंगणातलं गवत आदल्या संध्याकाळी नव्या इलेक्ट्रिक ट्रॅक्टरने कापलं होतं, आणि चार्जर लावताना मध्ये एक छोटा वॉटमीटर खोचला होता. सकाळी त्यावर आकडा होता 3.02. म्हणजे तीन युनिट. आमच्याकडे युनिटला 15 सेंट. पंधरा त्रिक पंचेचाळीस! बायकोला उठवलं. ती म्हणाली, "यासाठी?" हो, यासाठीच!

जुना ट्रॅक्टर एवढ्याच गवताला सव्वा गॅलन गॅस प्यायचा. (इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, इतकी वर्षं राहूनही माझ्या तोंडात पेट्रोलच येतं.) म्हणजे एका खेपेला चार डॉलर. एप्रिल ते ऑक्टोबर 28 खेपा धरा: तिकडे 112 डॉलर, इकडे तेरासुद्धा नाहीत! वर दर मोसमाला ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग यांचे साठेक डॉलर वेगळेच. मागच्या हिवाळ्यात टाकीत राहिलेलं इथेनॉलमिश्रित पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकटून बसलं. मेकॅनिकने किती घेतले ते लिहीत नाही, बायको हे वाचणार आहे.

पण मला वेड लावलं ते पुढच्या हिशोबाने. एक गॅलन पेट्रोलमध्ये 33.7 युनिट ऊर्जा असते. सव्वा गॅलन म्हणजे 42 युनिट. तेच अंगण, तेच गवत, आणि 42 च्या जागी तीन! बाकीची गेली कुठे? बरीचशी उष्णता होऊन हवेत. शिवाय कापताना इंजिन सतत पूर्ण थ्रॉटलवर ठेवावं लागतं, गवत असो वा नसो. मोटर मात्र लागेल तेवढीच वीज ओढते. ओढ्याकाठच्या दाट गवतात शिरलो की पॅनेलवरचा आकडा चढतो, मेपलखालच्या विरळ पट्ट्यात झरकन उतरतो. मी मुद्दाम दोनदा जाऊन पाहिलं!

आणि कल्पना जुनीच आहे, बरं का. जनरल इलेक्ट्रिकने 1969 मध्येच सहा बॅटऱ्यांवर, 36 व्होल्टवर चालणारा 'इलेक-ट्रॅक' बाजारात आणला होता. मला कळायला इतकी वर्षं लागली.

खोट आहे ती बॅटरीत. ती बदलायची वेळ आली की हजार डॉलर धरून चाललोय. वर्षाला 160 वाचतात, म्हणजे ती सहा-सात वर्षं टिकली तर बरोबरी, पुढचा नफा. पाती तर दोन्हींची घासावीच लागतात. अंगण पाव एकराचं असेल तर ट्रॅक्टरच्या फंदात पडूच नका, ढकलायचं मशीन पुरे. एकरभर असेल तर मात्र बिनधास्त घ्या.

माझा जुना विकायला काढलाय. कार्बोरेटर नुकताच साफ केलेला आहे.