आईसोबत अजिंठ्याच्या पायऱ्या

गोरेगावात दवाखाना चालवताना गेल्या पंचवीस वर्षांत मी अनेक वृद्धांना 'आता प्रवास नको' असे सांगितले आहे. त्यांत माझी आईही होती. शाळेच्या पुस्तकात पाहिलेले अजिंठ्याच्या पद्मपाणीचे चित्र तिने साठ वर्षे मनात जपले होते. वडील असताना दोनदा बेत ठरला आणि दोन्ही वेळा मोडला. पुढे वडील गेले, तिचे गुडघे झिजले, रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि नकारासाठी मला वैद्यकीय कारणे आयतीच मिळाली. गेल्या सप्टेंबरात ती म्हणाली, "अरे, तू मला जपतोस की अडकवून ठेवतोस?" यावर उत्तर सुचले नाही, म्हणून गाडी काढली.

रिसोड, मेहकर, चिखली असे करत बुलढाण्याला मुक्काम केला. दर दीड-दोन तासांनी थांबून तिला चार पावले चालवत होतो. पाय तासन्‌तास लोंबकळते राहिले की सुजतात, आणि शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार निवडला. फर्दापूरच्या तिठ्यावर आपले वाहन ठेवून पुढचे सुमारे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते.

खरी परीक्षा पहिल्या चढाची. पहिल्या लेण्यापर्यंत पायऱ्या आहेत. पुढची वाट घोड्याच्या नालेसारख्या वळलेल्या कड्याला धरून जाते आणि खाली वाघूर नदी वाहते. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे मी आईकडून घरीच घोटून घेतले होते. दम किती लागला हे नाडीपेक्षा बोलण्यावरून लवकर कळते. पूर्ण वाक्य एका दमात बोलता आले नाही, की थांबायचे. ती दर दहा पायऱ्यांनी एक वाक्य बोलत होती, आणि त्यांतली बरीचशी डोलीवाल्यांना 'नको' म्हणण्यासाठी होती.

लेण्यांत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. वयानुसार बाहुली लहान होते आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. बाहेरच्या उन्हातून थेट आत पाऊल टाकले तर खांब आणि उंबरठा दिसत नाही. त्यात चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे काढावी लागतात. म्हणून पहिल्या लेण्याच्या ओसरीत आम्ही चांगली पाच मिनिटे नुसते उभे राहिलो, मग आत गेलो. पद्मपाणीसमोर आई काही बोलली नाही. मीही विचारले नाही.

दहाव्या लेण्यात सन 1819 मध्ये आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने खांबावर आपले नाव कोरून ठेवले आहे. ते ऐकून आई म्हणाली, "म्हणजे ही खोड जुनीच आहे."

सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आहे. बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेले, खाली शोक करणारे शिष्य. आई मूर्तीसमोर जमिनीवर बसली आणि बराच वेळ बसून राहिली. उठताना तिने भिंतीकडे हात नेला आणि तो हात भिंतीपर्यंत पोचलाच नाही. मी शेजारी होतो म्हणून ती पडली नाही. चेहरा पांढरा, नाडी भरभर. आडवे केले, पाय पिशवीवर उंच ठेवले. पिशवीत रक्तदाबाचे यंत्र होते; वरचा आकडा 96 आला. एरवी तो 130 च्या आसपास असतो.

"पाणी कधी प्यालीस?"

"सकाळी चहा घेतला ना."

वर लघवीची सोय नसेल, चारचौघांत अडचण होईल, म्हणून तिने पाण्याला स्पर्शही केला नव्हता. रक्तदाबाची गोळी मात्र वेळेवर घेतली होती, आणि त्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही होते. अंगातले पाणी कमी होत होते आणि वरून भर काहीच नव्हती. प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या बाईला मी हे विचारतो. आईला विचारले नाही. तिच्या गोळ्यांची डबी मात्र स्वतः भरली होती.

जलसंजीवनीचे घोट देत तिला बाहेर सावलीत बसवले. अर्ध्या तासाने बसून आणि उभे राहून रक्तदाब पाहिला. दोन्ही वेळा आकडा ठीक होता. वाचकांनी एवढे करावे : निघण्यापूर्वी आपल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून प्रवासाच्या दिवशी कोणती केव्हा घ्यायची आणि पाणी किती प्यायचे हे विचारून घ्यावे. मनाने गोळी बंद करू नये, आणि हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असल्यास मनाने पाणी वाढवूही नये. सोबत्यांनी स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी शोधावे आणि न विचारता सांगावे. विचारायला लाज वाटते, म्हणूनच तर पाणी तोडले जाते.

तिथून दरीच्या टोकाचा सप्तकुंडाचा धबधबा दिसतो. पावसाळ्याचे पाणी अजून होते. आई त्याच्याकडे पाहत सावकाश ग्लास रिकामा करत होती. उतरताना तिने डोलीला नकार दिला नाही. खुर्चीत बसल्यावर मात्र खाली येईपर्यंत ती त्या चौघांना त्यांच्या खांद्यांविषयी आणि मुलाबाळांविषयी विचारत राहिली.

परतताना लोणारला थांबलो. सरोवराच्या काठापर्यंत उतरायचे नाही, फक्त गोमुखाची धार पाहायची, असे ठरले होते. गाडीचे दार उघडताच आई म्हणाली, "आधी सोय कुठं आहे ते बघून ये. तोवर मी पाणी पिते."