अडीच अश्वशक्ती

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या वडील बंधूंनी होडीला इंजिन बसविण्यास एकदाची संमती दिली, आणि ते कोणते असावे हे ठरविण्याचे काम आमच्यावर सोपविले. आम्ही पडलो प्राध्यापक. कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी तिच्यासंबंधी चार ठिकाणी वाचल्याखेरीज आमचा हात खिशाकडे वळत नाही. या स्वभावाची घरात पुष्कळ थट्टा होते; तथापि या खेपेस आप्पांनीच तो कामास लावला, याचे आम्हांस मनातून समाधान वाटले.

कर्ली नदी देवबागेपाशी समुद्रास मिळण्यापूर्वी तिची जी रुंद खाडी होते, तिच्या काठी आमचे जुने घर आहे, आणि पैलतीरी माडांची लहानशी बाग. रस्त्याने जावयाचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून आप्पा आज पन्नास वर्षे एका चौदा फुटी लाकडी होडीने, स्वतः वल्ही मारीत, पलीकडे जातात व संध्याकाळी नारळ घेऊन परत येतात. परंतु आता त्यांचे वय बहात्तर झाले, उजवा खांदा धरला, आणि गेल्या चैत्रात ओहोटीने त्यांना मध्येच गाठले. वल्ही आवरेनात, तेव्हा होडी एका वाळूच्या दांड्यावर लावून ते भरती येईपर्यंत साडेतीन तास उन्हात बसून राहिले. ही हकीगत आम्हांस त्यांच्या तोंडून कळली नाही. शेजारच्या तांडेलाने सांगितली. आप्पांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “वारा बरा होता, म्हणून बसलो.”

असो. आम्ही वाचनास आरंभ केला. होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगावयाचे हे इंजिन लोकांच्या हाती सुलभपणे आले ते 1909 मध्ये. नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेतील मिलवॉकी शहरी स्थायिक झालेल्या ओल एव्हिनरूड या कारागिराने ते विक्रीस काढले. दीड अश्वशक्ती, वजन बासष्ट पौंड आणि किंमतही बासष्ट डॉलर! भावी पत्नीकरिता आईस्क्रीम आणावयास तो तळ्यावरून वल्हवीत गेला, परत येईपर्यंत ते उन्हाने वितळून गेले, आणि त्या फजितीतून ही कल्पना निघाली, असे सांगतात. गोष्ट पुढे कोणी सजविली असेल. परंतु पहिले इंजिन दीडच अश्वशक्तीचे होते, ही गोष्ट आम्ही तेव्हाच ध्यानात ठेवावयास हवी होती.

ती ठेवली नाही, कारण शहरातील विक्रेत्याने आमचे डोळे दिपविले. त्याच्या मते दहाखालील यंत्र घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, आणि पंधरा घेतले तर उत्तम. शक्ती जास्त असली तर बिघडते कोठे? वापरली नाही तर झाले! हा युक्तिवाद ऐकावयास इतका निर्दोष वाटतो की, आम्ही दोन दिवस पंधरा अश्वशक्तीचे स्वामी होऊन मनाने खाडीभर हिंडत होतो.

पुढे एका नियमाने आम्हांस खाली आणले. आमच्या होडीसारख्या जड, गोल बुडाच्या नावेचा वेग यंत्रापेक्षा तिच्या लांबीवर अवलंबून असतो. पाण्याच्या रेषेवरील लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे, त्यास 1.34 ने गुणावे. येईल तितके नॉट ही तिची साधारण मर्यादा. आमच्या होडीची ती लांबी बारा फूट; म्हणजे वेग साडेचार नॉटांहून किंचित अधिक, ताशी सुमारे साडेआठ किलोमीटर. कारण असे की, चालती नाव पाण्यात एक लाट उठविते, व वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते. लाट नावेइतकी लांब झाली की नाव तिच्या दोन माथ्यांमधील खळग्यात अडकते. त्यापुढे शक्ती ओतली तर नाळ वर चढते, पाठ खाली बसते, पेट्रोल मात्र जळत राहते. सपाट बुडाच्या हलक्या नावा ती लाट ओलांडून पाण्याच्या पाठीवर घसरत जातात. त्यांना पंधरा अश्वशक्ती शोभते. आप्पांची होडी नारळांची आहे. मनुष्य सतत वल्हवू लागला तर अश्वशक्तीचा दहावा हिस्सा जेमतेम देतो, आणि तेवढ्यावर ती होडी पन्नास वर्षे पैलतीर गाठीत आली होती!

शक्तीचा प्रश्न असा निम्मा सुटला, तोच दांड्याच्या लांबीचा पुढे आला. लहान यंत्रांचे दांडे बहुधा दोन मापांचे मिळतात, पंधरा इंची व वीस इंची. होडीच्या मागच्या फळीची उंची मोजून त्यांतील एक निवडावयाचा. आम्ही टेप घेऊन पडवीत गेलो, उंची एकोणीस इंच भरली, आणि वीस इंची दांड्याची मागणी लिहून ठेवली. सायंकाळी तांडेल आला. त्याने कागद पाहिला, होडी पाहिली, आणि काही न बोलता होडीखालच्या ओंडक्यावर पाय ठेवला. आम्ही माप जमिनीपासून घेतले होते. चार इंचांचा ओंडका त्यात जमा झाला होता! पंख्याच्या वर जी आडवी पाटी असते ती बुडाच्या पातळीच्या किंचित खाली यावी. फार वर राहिली तर पंखा हवा ओढून नुसता भिरभिरतो. फार खाली गेली तर पाणी अडते, आणि आमच्या खाडीत ओहोटीला पंखा वाळू नांगरीत जाईल. तीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास त्या दिवशी असा परीक्षक भेटला.

तांडेलाने दुसरा प्रश्न विचारला तो मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हता. “सर, ह्यां इंजिन उचलतलो कोण?”

पंधरा अश्वशक्तीचे फोरस्ट्रोक यंत्र पन्नास किलोच्या आसपास भरते. पाचाचे पंचवीसच्या आसपास. अडीचाचे तेरा ते अठरा किलोंत मिळते. यंत्र रात्री होडीवर ठेवून चालणार नव्हते. रोज काढून घरी आणावयाचे आणि गोड्या पाण्याच्या पिंपात पाच मिनिटे चालवून आतील खारे पाणी धुऊन टाकावयाचे. शिवाय ते चालू करावयाची दोरी जोराने ओढावी लागते; यंत्र मोठे तितकी ती जड, आणि खांदा तर उजवाच धरलेला. टूस्ट्रोक यंत्र हलके असते. पण पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळण्याचा रोजचा व्याप आप्पांच्या मागे लावणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. विजेच्या यंत्रांचाही विचार केला. ती निःशब्द असतात, दोरी ओढावयास नको. परंतु आमच्या गावची वीज पावसाळ्यात कधी येईल याचा नेम नाही. एकंदरीत, पुस्तके, तांडेल आणि आप्पांचा खांदा या तिघांनी मिळून आम्हांस पंधरावरून अडीचावर आणले.

एक शंका राहिली. लहान यंत्रास उधाणाची ओहोटी झेपेल काय? ही शंका आम्ही आप्पांपुढे काहीशा विद्वत्तेने मांडली. ते सुपारी कातरीत होते. म्हणाले, “ओहोटीच्या तोंडावर निघायचंच कशाला? तिथी बघून निघावं.” मग चैत्रात काय झाले, हा प्रश्न आमच्या ओठावर आला होता; तो आम्ही गिळला. तेही क्षणभर थांबले, अडकित्ता खाली ठेवला, आणि म्हणाले, “त्या दिवशी वेळ बरोबरच होती. हात थांबले.” यापूर्वी हे त्यांनी कोणापाशी कबूल केल्याचे आम्हांस ठाऊक नाही.

यंत्र मार्गशीर्षात आले. पंख्याला एक लहानशी खीळ असते, मुद्दाम दुबळी ठेवलेली. खडकाचा धक्का बसला की ती तुटते आणि आतील दाते वाचतात. तशा चार खिळी आम्ही होडीत पक्कडीसह बांधून ठेवल्या. मनगटास अडकवावयाची एक लाल दोरीही असते. मनुष्य पाण्यात पडला तर ती सुटते व यंत्र तत्क्षणी बंद होते. एकट्याने जाणाऱ्यास याहून मोलाचा भाग त्या यंत्रात नाही, असे आम्ही आप्पांना पुनःपुन्हा बजावले. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. “म्हणजे गुराला दावं!” म्हणाले, पण अडकविली.

पहिल्या फेरीस आम्ही बरोबर होतो. दुसऱ्या ओढीस यंत्र सुरू झाले, होडी संथपणे निघाली, आणि कधी नव्हे ते आप्पा पाठीकडे तोंड करून न बसता पैलतीराकडे पाहत बसले होते. पलीकडे पोहोचेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. परत येताना नारळ भरलेले असूनही होडीने तक्रार केली नाही. आपला किनारा शंभर हातांवर आला, धक्क्यावर जाळी सांधीत बसलेली माणसे दिसू लागली, तशी आप्पांनी यंत्र बंद केले. आम्हांस वाटले, पेट्रोल संपले. टाकीत मावते लिटरभरच. आम्ही डबा शोधू लागलो. तोवर आप्पांनी मनगटावरील लाल दोरी सोडून खिशात घातली होती, आणि वल्ही पाण्यात पडली होती.