आमच्या गावाला डोंगर आहे!

‘तू मूळचा कुठला?’ पुण्याच्या ऑफिसात कुणी विचारलं की मी ‘अकोल्याजवळचा’ म्हणून मोकळा व्हायचो. वाशिम म्हटलं की नकाशाच काढावा लागतो! शनिवारी गँग राजगड-तोरण्याला निघाली की मीच म्हणायचो, ‘आमच्याकडे कसले डोंगर? सोयाबीन आणि ऊन, बस्स.’

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो तो घर विकायचं नक्की करायला. आई-बाबांनी पुण्याला यावं, हा माझाच हट्ट. बाबा मला घ्यायला अकोल्याला आले होते. पातूरचा घाट चढताना मी तेच वाक्य बोललो आणि बाबा भडकले. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस तो! ‘इथं गिअर टाकू टाकू हात दुखले माहे, अन् तू म्हनतं डोंगर नाही?’

मग घरापर्यंत माझा क्लास. ही अजिंठ्याचीच रांग, पश्चिमेकडून येऊन वाशिमच्या पठारात पसरलेली. इथं पडलेल्या पावसाच्या दोन वाटा होतात. काटेपूर्णेचं पाणी पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला आणि पैनगंगेचं वर्धा, प्राणहिता, गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागराला. एकाच ढगाचं पाणी, दोन समुद्र!

दुसऱ्या दिवशी कारंजा-सोहोळ अभयारण्यात गेलो. गवतातून काळविटांचा कळप उधळला आणि मोबाइल काढेपर्यंत गायब. काटेपूर्णा अभयारण्यात चौशिंगा आहे. नराला चार शिंगं, आणि भारत-नेपाळ सोडून हा जंगलात कुठेच नाही. आम्हाला काही दिसला नाही. जंगल आहे, मॉल नाही.

आणि अजिंठा? मित्रांबरोबर दोनदा जाऊन आलोय. सोळा क्रमांकाचं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. पाचव्या शतकातल्या त्या राजाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आमचं वाशिम. दोन्ही वेळा मी फक्त फोटो काढले.

परतताना घराचे कागद बॅगेतच राहिले. आता ऑफिसातली पोरं विचारतायत, तुझ्याकडे कधी जायचं? पावसाळा सरता सरता चला. सगळं हिरवं असतं, गर्दी नसते. चकचकीत रिसॉर्ट मात्र शोधू नका.

मुक्कामाला आमचं घर आहे. अजून आहे.