पाटीवरचे नाव

सोलापूरच्या चाटी गल्लीतील एका कापडाच्या पेढीवर अजूनही मूळ पुरुषाच्या नावाची पाटी आहे: नेमचंद. त्या घरात मुलगा जन्मला आणि नावांची यादी सुरू झाली. विहान, कियान, रेयांश. आत्याने पुण्याहून आणखी चार नावे कळविली. त्यांतील दोहोंचा अर्थ कोणासच सांगता येईना. चौऱ्याऐंशी वर्षांच्या पणजोबांनी यादी ऐकली, चष्मा पुसला आणि पुन्हा जमाखर्चात मान घातली.

त्यांच्या मौनाला कारण होते. बाळाच्या वडिलांचे पाळण्यातील नाव नेमचंदच होते. पणजोबांनी आपल्या वडिलांचे नाव हौसेने नातवाला दिले होते. तिसरीच्या वर्गात मुले त्याच्यामागे ‘नेम चुकला, नेम चुकला’ असे ओरडू लागली. तो शाळेचे दप्तर पाहताच रडे. अखेर नाव बदलण्याचा अर्ज पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहून दिला. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

वास्तविक या नावांत केवढा ठेवा आहे! ‘नेमि’ म्हणजे चाकाची कड. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ विवाहाला निघाले असता मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला आणि त्यांनी रथ मागे वळविला. एवढी करुणा ज्या नावात साठली आहे, ते चिडवण्यापुरते उरावे! भगवान महावीरांचे वर्धमान हे नाव तर व्यापाऱ्याच्या घरी शोभावे असेच. ते गर्भात आल्यापासून घरात धनधान्य वाढत गेले, म्हणून माता-पित्यांनी ते ठेवले, असे कल्पसूत्र सांगते. हिराचंद, मोतीचंद, माणिकचंद यांत रत्ने आहेत. सोलापूरच्याच वालचंद हिराचंदांनी १९१९ साली सिंधिया कंपनीद्वारे इंग्रज जहाज कंपन्यांशी टक्कर घेतली. त्यासाठी त्यांना नाव सुटसुटीत करावे लागले नाही. सांगली-कोल्हापूरकडे पायगोंडा, सातगोंडा ही नावे होती. त्यांतील ‘गोंडा’ म्हणजे कन्नडमधील गौड, गावचा पाटील. कर्मवीर भाऊरावांचे वडील पायगोंडा, तर आचार्य शांतिसागर महाराज गृहस्थाश्रमात सातगोंडा. घराणे सीमाभागातले आणि शेतीवाडीचे, हे नावावरूनच कळे.

सगळीच जुनी नावे परत आणावीत असे मात्र नव्हे. धोंडू, दगडू ही मुले गमावलेल्या आयांनी मृत्यूला चकविण्यासाठी ठेवलेली नावे. ते भय सरले. ती नावेही सुखाने विसावोत.

आणि नाव निवडण्याची रीतही आपल्याकडे जुनीच आहे. जिनेंद्रांच्या एक हजार आठ नामांच्या चिठ्ठ्या घटात घालून त्यांतून एक काढावी, असा विधी आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात आहे. हल्ली ती चिठ्ठी मोबाईल काढतो. फरक इतकाच की त्या घटात काय घातले आहे, हे कोणी पाहत नाही.

बारशाच्या आदल्या रात्री बाळाच्या वडिलांनी यादी बाजूला सारली आणि म्हटले, “नेमचंद ठेवू या.”

सर्वांआधी विरोध केला तो पणजोबांनी. “नको रे. एकदा तुला रडवले, तेवढे पुरे. पाटीवर आहे ना, तिथेच राहू दे.”

“आजोबा, मला त्या नावाचा अर्थ ठाऊकच नव्हता. पोरांना काय उत्तर देणार? याला तुम्ही आधीच सांगून ठेवा. रथाची गोष्टसुद्धा.”

“मी तोवर असेन का?”

“मग मी सांगेन. पण मला आधी नीट सांगा.”

बाळाची आई तोवर गप्प होती. तिने एवढेच विचारले, “घरात नेमी म्हटले तर चालेल?” पणजोबांनी मान हलविली.

दुसऱ्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले. संध्याकाळी पणजोबांनी नवी वही उघडून पहिल्या पानावर ‘श्री’ काढला व खाली बाळाचे नाव लिहिले: नेमचंद. पुढे वडिलांचे नाव लिहिताना लेखणी जरा थांबली. मग त्यांनी शाळेच्या अर्जात लिहिले होते तेच नाव लिहिले.